मामांची वर्गणी

लंडनच्या वायव्येला हॅरो नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका जुन्या दुमजली घरी ६ नोव्हेंबर २०२५ ला, गुरुवारी संध्याकाळी, भाची आली ती दिवाळीचा चकलीचा डबा परत करायला. डबा हे निमित्त. रात्री नऊला बीबीसी वनवर 'सेलिब्रिटी ट्रेटर्स'चा शेवटचा भाग होता आणि भाचीच्या रेडिंगच्या फ्लॅटला टीव्ही लायसन्स नव्हतं.

"म्हणजे तू मला भेटायला आलेली नाहीस," मामा म्हणाले.

"तुलाच भेटायला आले. फक्त नऊच्या आत आले."

मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. १९७१ मध्ये पुण्याहून डॉक्टर होऊन आले आणि एनएचएसमधूनच, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतूनच, निवृत्त झाले. भाची एकतिशीची, ऑनलाइन जाहिरातींचा हिशेब मांडणाऱ्या कंपनीत नोकरीला. तिच्याकडे टीव्ही आहे, मामांच्या टीव्हीपेक्षा मोठा. त्यावर नेटफ्लिक्स चालतं, यूट्यूब चालतं. बीबीसी चालत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी तिने लायसन्स रीतसर बंद करून टाकलं.

ब्रिटनमधला हा कायदा बाहेरच्याला समजावून सांगताना दमछाक होते. टीव्ही विकत घ्यायला लायसन्स लागत नाही. नेटफ्लिक्सवरचा सिनेमा बघायला लागत नाही. पण कुठल्याही वाहिनीवर, कुठल्याही यंत्रावर, प्रसारण चालू असतानाच तो कार्यक्रम बघितला की लायसन्स हवं. मग ती वाहिनी बीबीसीची असो, आयटीव्हीची असो की आणखी कुणाची. २०१६ च्या सप्टेंबरपासून बीबीसीचं आयप्लेअर बघायलाही ते लागतं, मग कार्यक्रम काल होऊन गेलेला का असेना. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा दर घरटी वर्षाला १७४.५० पौंड झाला होता. टीव्ही कृष्णधवल असेल तर ५८.५०. हो, ते लायसन्स अजून मिळतं आणि घेणारे अजून आहेत. दुसऱ्याच्या लायसन्स असलेल्या घरी जाऊन बघायला मात्र कसलीच आडकाठी नाही. १९५३ मध्ये राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी सुमारे दोन कोटी लोकांनी टीव्ही बघितला, तोही अनेकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन. भाची त्या अर्थाने परंपरा पाळत होती.

"पावणेदोनशे पौंड," ती सोफ्यावर मांडी घालत म्हणाली. "मी न बघणाऱ्या गोष्टींसाठी. नेटफ्लिक्स आवडलं नाही तर मी पुढच्या महिन्यात बंद करते. यांचं तसं नाही. हे म्हणतात, तू आयटीव्हीवर फुटबॉल बघितलास तरी पैसे आम्हाला दे."

"वर्गणी आहे ती," मामा म्हणाले. "आमच्या वाड्यात गणपतीची वर्गणी सगळे द्यायचे. आरतीला न येणारेही. दुसऱ्या मजल्यावरचे एक कम्युनिस्ट काका तर देव मानायचे नाहीत, पण पहिली पावती त्यांची फाटायची. का, तर पोरं दहा दिवस अंगणात नाचतात, तेवढ्यासाठी."

"आणि न देणाऱ्यावर तुमचं मंडळ फौजदारी खटला भरायचं?"

मामांनी चष्मा पुसायला घेतला. वर्गणीचा दाखला त्यांचा हुकमी होता, पण त्यातली ही फट भाचीला बरोबर सापडली होती.

लायसन्सची सुरुवात टीव्हीच्याही आधीची. १९२२ मध्ये बीबीसी निघाली तेव्हा रेडिओसाठी वर्षाला दहा शिलिंग पडत. १९३६ च्या नोव्हेंबरात अलेक्झांड्रा पॅलेसवरून टीव्हीची नियमित सेवा सुरू झाली, १ सप्टेंबर १९३९ ला युद्धाच्या तोंडावर बंद पडली आणि ७ जून १९४६ ला पुन्हा उघडली. बंद होण्यापूर्वी शेवटी जे मिकी माउसचं कार्टून दाखवलं होतं, तेच पुन्हा लावून. त्याच महिन्यापासून टीव्हीचं लायसन्स आलं, दोन पौंडांचं. तेव्हा हिशेब सोपा होता: वाहिनी एक, तिचा मालक एक, आणि ज्याच्याकडे डबडं आहे त्याने पैसे द्यायचे. भाचीचं म्हणणं थोडक्यात एवढंच, की डबड्याचा तो जमाना गेला आणि पावती तेवढी मागे राहिली.

१९५५ मध्ये आयटीव्ही आली. पहिली जाहिरात टूथपेस्टची. तिचं उद्घाटन होतं त्याच संध्याकाळी बीबीसीने आपल्या रेडिओवरच्या 'द आर्चर्स' मालिकेतली एक लाडकी सून आगीत मारून टाकली आणि देश रेडिओपाशी बसून रडला. मामांना ही गोष्ट फार आवडते. भाचीला ती बीबीसीच्या सात्त्विकपणाचा पुरावा वाटत नाही.

"जाहिराती घ्या ना मग. चॅनल फोर घेतंच की. मालकी सरकारी, पोट जाहिरातींवर. १९८२ पासून चाललंय."

"थॅचरबाईंनाही हेच सुचलं होतं. १९८५ मध्ये पीकॉक नावाच्या अर्थतज्ज्ञाची समिती नेमली, आता तरी जाहिराती आणा असं तो सांगेल म्हणून. माणूस खुल्या बाजाराचा कडवा पुरस्कर्ता. आणि त्यानेच अहवालात सांगितलं, एवढ्यात नको. जाहिरातींची भाकरी तेवढीच राहील आणि खाणारं तोंड एक वाढेल. आयटीव्ही उपाशी, चॅनल फोर उपाशी."

इथे भाची हसली, कारण हा तिच्या रोजीरोटीचा विषय होता. "मामा, ती भाकरी आता टीव्हीच्या ताटातच नाही. ती गूगल आणि मेटाच्या ताटात गेलीय. माझा पगार तिथूनच येतो. प्रसारण नियामक ऑफकॉमचा जुलैचा अहवाल बघ: ब्रिटनमध्ये बीबीसीच्या खालोखाल सर्वांत जास्त काय बघतात, तर यूट्यूब. आयटीव्ही तिसरी."

"म्हणजे जाहिराती घेऊन काही उपयोग नाही, हे तूच सांगतेयस."

"मी सांगतेय की लायसन्स जाहिरातींनी भरून निघणार नाही. म्हणून ते बरोबर आहे असं नाही."

मामी स्वयंपाकघरातून चिवडा घेऊन आल्या. मामी १९७४ मध्ये आल्या, बर्मिंगहॅमला. तेव्हा रविवारी सकाळी बीबीसीवर आशियाई लोकांसाठी 'नई जिंदगी नया जीवन' लागायचं. बर्मिंगहॅमच्याच पेबल मिल स्टुडिओतून. डॉक्टरकडे काय सांगावं, शाळेत नाव कसं घालावं, मध्येच एखादी गझल. "हिंदी-उर्दूत असायचं, मराठीचा पत्ता नाही," मामी म्हणाल्या. "पण आठवड्यातून तेवढा अर्धा तास वाटायचं की या देशाला आपण इथे असल्याचं माहीत आहे. तेव्हा इथे आपली माणसं किती होती? कुठली कंपनी दाखवणार होती धंद्यासाठी?" एवढं बोलून त्या आत गेल्या. कार्यक्रम १९८२ मध्ये बंद झाला, आणि त्यावर भाचीकडे खरं तर उत्तर होतं: आज त्याच मामी पुण्यातल्या नाटकांची चित्रणं यूट्यूबवर बघतात, एक पेनीही न देता. पण मामींशी वाद घालायची पद्धत त्या घरात नाही.

मग गाडी क्रिकेटवर गेली. ती जाणारच होती.

२४ ऑगस्ट १९७१. ओव्हल. मामांना इंग्लंडात येऊन जेमतेम काही आठवडे झालेले. हॉस्पिटलच्या डॉक्टर्स मेसमध्ये एक कृष्णधवल टीव्ही, त्यावर बीबीसी. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलेलं. शेवटच्या दिवशी वाडेकरांचा संघ कसोटी जिंकला आणि त्याबरोबर इंग्लंडमधली पहिली मालिका. तो दिवस गणेश चतुर्थीचा होता आणि चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण भारतीय प्रेक्षकांनी मैदानावर आणली होती. परक्या देशात, खिशात पैसे नसताना, गणपतीच्या दिवशी पडद्यावर हत्ती. मामा हे सांगायला लागले की थांबत नाहीत, आणि त्यांना कुणी थांबवूही नये.

"ते मला कुणी फुकट दाखवलं? दहा लोक एका टीव्हीसमोर, एका लायसन्सवर. बीबीसीने १९९८ पर्यंत इथल्या कसोट्या दाखवल्या, मग चॅनल फोरने. २००५ ची अ‍ॅशेस संपली आणि सगळं पैसे मोजून बघायच्या स्कायकडे गेलं. त्यानंतर इंग्लंडातली एकही कसोटी फुकट, थेट दिसलेली नाही. वीस वर्षं झाली. ज्याच्या घरी स्काय नाही, त्या पोराने बॅट कुणाची बघून धरायची?"

"२०१९ च्या वर्ल्ड कपची फायनल?"

"ती स्कायने दया येऊन चॅनल फोरला दिली. एक दिवस."

"आणि स्कायच्या पैशावर इथलं क्रिकेट वीस वर्षं जगलं, ते? जो बघतो तो देतो. शिवाय तुझ्या बीबीसीचं क्रिकेटप्रेम मला माहितेय. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स. कपिलचे नाबाद १७५. दाखव बघू."

मामांनी कपाळाला हात लावला. त्या खेळीचं चित्रण अस्तित्वात नाही. बीबीसीच्या कामगारांचा संप होता म्हणून कॅमेरे नव्हते, अशी गोष्ट चाळीस वर्षं सांगितली जाते. ती पूर्ण खरी का, यावर अजून वाद आहेत. कॅमेरा नव्हता याबद्दल मात्र वाद नाही.

हे सगळं गमतीत चाललं होतं. पण भाचीची खरी तक्रार वेगळीच होती. तिने ती शेवटपर्यंत राखून ठेवली होती आणि सांगताना तिचा आवाजही बदलला.

लायसन्सशिवाय बघणं हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. वीजबिल थकवण्यासारखी दिवाणी बाब नाही, गुन्हा. दंड १,००० पौंडांपर्यंत. पण दोषी ठरतं कोण? शिक्षा झालेल्यांत सुमारे तीन-चतुर्थांश बायका असतात. त्या नवऱ्यांपेक्षा जास्त टीव्ही बघतात म्हणून नव्हे. तपासनीस येतो तेव्हा घरी बाई असते, दार ती उघडते, आणि जो दार उघडतो आणि बोलतो, त्याच्या नावावर प्रकरण होतं. एकट्या राहणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या, तंगीत असलेल्या बायका. इंग्लंड-वेल्समध्ये अशी बहुतेक प्रकरणं एकच दंडाधिकारी कागदपत्रं बघून निकाली काढतो; आरोपी समोर नसते.

"तुझ्या वर्गणीचा हा हिशेब आहे," भाची म्हणाली. "श्रीमंत आणि गरीब, दोघांना एकच आकडा. आणि चुकली तर सापडणार कोण, तर दार उघडणारी."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. आयुष्यभर त्यांनी अशा बायका तपासल्या होत्या. स्वतः त्यांची गोष्टही फार वेगळी नव्हती: २००० पासून पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांना लायसन्स मोफत होतं, त्याचा भार सरकारने बीबीसीवर ढकलला, आणि २०२० च्या ऑगस्टपासून ते फक्त पेन्शन क्रेडिट घेणाऱ्या गरीब वृद्धांपुरतं राहिलं. मामा पंचाहत्तरीला पोचले २०२२ मध्ये. दोन वर्षांनी हुकलं. पण स्वतःच्या हुकण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

"हे चूक आहे," ते शेवटी म्हणाले. "वसुलीची पद्धत चूक आहे. पण वसुली चूक म्हणून मंडळ बरखास्त करायचं? जर्मनीने २०१३ मध्ये टीव्ही असो नसो, घरटी पैसे ठरवून टाकले. महिना साडेअठरा युरोच्या आसपास. दारावर कुणी टीव्ही शोधायला येत नाही. फिनलंडने करच लावला, उत्पन्नाप्रमाणे."

"आणि फ्रान्सने २०२२ मध्ये १३८ युरोंचं लायसन्स सरळ रद्द केलं."

"आणि आता त्यांची वाहिनी दरवर्षी सरकारच्या तोंडाकडे बघते. तुला ते चालेल? ज्याने बातमी द्यायची त्याने मंत्र्याकडे हात पसरायचा?"

याला भाचीकडे चटकन उत्तर नव्हतं. पण तिला गप्प बसायचंही नव्हतं. "बातमी म्हणतोस ना? पोस्ट ऑफिसचं प्रकरण घे. पोस्ट चालवणाऱ्या नऊशेहून जास्त लोकांना चोर ठरवलं, एका कॉम्प्युटर यंत्रणेच्या चुकीमुळे. त्यात आपले लोक किती होते, कोपऱ्यावरची दुकानं चालवणारे. शेवटी कुणामुळे हललं सरकार? आयटीव्हीच्या मालिकेमुळे. जाहिराती घेणाऱ्या वाहिनीच्या."

'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली, चार भागांत आटोपली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. टीव्हीने एखाद्या देशात एवढं थेट काम केल्याची उदाहरणं थोडी आहेत.

"त्याच विषयावर बीबीसीच्या 'पॅनोरमा' या वृत्तमालिकेने २०१५ मध्येच कार्यक्रम केला होता," मामा म्हणाले.

"मग नऊ वर्षं काय झालं?"

"काही नाही. पण तू पुढचं ऐकलं नाहीस. त्या मालिकेत आयटीव्हीला तोटा झाला. दहा लाख पौंडांच्या घरात, त्यांच्याच माणसाने सांगितलं. पोस्टमास्तरांची गोष्ट अमेरिकेत कोण विकत घेणार? अशी दुसरी मालिका ते करतील?"

"नेटफ्लिक्सने 'अ‍ॅडोलसन्स' केलीच की या मार्चमध्ये. तेरा वर्षांच्या पोराची गोष्ट, एकेक भाग एका शॉटमध्ये. पंतप्रधान संसदेत तिच्यावर बोलले, शाळांना फुकट दिली. ना लायसन्स, ना वर्गणी."

"लिहिली कुणी? जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम. हे दोघं शिकले कुठे? चॅनल फोरच्या 'धिस इज इंग्लंड'मध्ये, एकजण लिहीत होता, दुसरा काम करत होता. रोप आपल्या वाफ्यात वाढतं आणि फळं तोडायला ट्रक परदेशातून येतो. गेल्या वर्षी बीबीसीने 'वुल्फ हॉल'चा दुसरा भाग केला, त्यासाठी दिग्दर्शकाने आणि नटांनी स्वतःचं मानधन कमी करून घेतलं. त्या दिग्दर्शकाने, कॉझमिन्स्कीने, खासदारांच्या समितीला सांगितलं की या परदेशी कंपन्यांच्या इथल्या कमाईवर पाच टक्के आकार लावा आणि तो इथल्या नाटकांना द्या. समितीला ते पटलं."

"सरकारला पटलं?"

"नाही."

वेल्सची गोष्ट मामांनी ओझरती काढली: १९८० मध्ये वेल्श भाषेच्या वाहिनीचं वचन सरकारने मोडलं तेव्हा ग्विन्फर एव्हान्स या नेत्याने आमरण उपोषण जाहीर केलं, आणि एकाही दिवसाचं उपोषण न होता थॅचर सरकार नमलं. ती वाहिनी, एसफोरसी, सुरू झाली १९८२ मध्ये. आज ती या लायसन्सच्याच पैशावर चालते. "पाच-सहा लाखांच्या भाषेला कुठला अल्गोरिदम वाहिनी देईल?" भाचीने हा मुद्दा सोडून दिला, मराठी माणसाने भाषेच्या वाहिनीविरुद्ध कसं बोलायचं?

तेवढ्यात नऊ वाजले.

पुढचा तास-सव्वातास कुणी बोललं नाही. स्कॉटलंडमधला वाडा, मशाली, एकमेकांना फसवणारे प्रसिद्ध लोक. शेवटी विनोदवीर अ‍ॅलन कार जिंकला आणि रडला, मामीही रडल्या. त्या रात्री एक कोटी दहा लाखांहून जास्त लोक हेच बघत होते. अलीकडे असा आकडा क्वचितच मिळतो.

"बघ," मामा म्हणाले. "सगळा देश एका वेळी एका गोष्टीपाशी."

"कल्पना डच आहे. तिथल्या खासगी वाहिनीवरची."

"पण तू ती बघायला हॅरोला आलीस."

"फुकट आहे म्हणून आले!"

यावर दोघंही हसले. मामींनी डबा परत भरून दिला, कारण भांडं रिकामं परत करायचं नसतं, आणि भाची मेट्रोपॉलिटन लाइनची शेवटची गाडी पकडायला पळाली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण तीन दिवसांनी, रविवारी संध्याकाळी, बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस या दोघांनी राजीनामे दिले. ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातले पन्नासहून अधिक मिनिटांच्या अंतराने बोललेले दोन तुकडे 'पॅनोरमा'ने जोडून एकच वाक्य असल्यासारखे दाखवले होते. तोच 'पॅनोरमा', ज्याचं नाव मामांनी गुरुवारी अभिमानाने घेतलं होतं.

भाचीने फोन केला. तिला जिंकल्यासारखं वाटत होतं, पण मामांचा आवाज ऐकून ते ओसरलं.

"तीस वर्षांपूर्वी याच कार्यक्रमात तो पत्रकार बशीर खोटी कागदपत्रं दाखवून डायनाच्या मुलाखतीपर्यंत पोचला," मामा म्हणाले. "तेव्हा झाकून ठेवलं. २०२१ मध्ये बाहेर आलं. मला वाटलं, आता शिकले असतील."

"पण मामा, बीबीसीच्याच बातम्यांत बीबीसीच्या राजीनाम्याची पहिली बातमी होती. तास झाला, स्वतःचेच वाभाडे काढताहेत. नेटफ्लिक्सने असली चूक केली असती तर कुणी राजीनामा मागितलाही नसता." हे ती काय बोलतेय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"तू त्यांची बाजू घेतेयस?"

"मी फक्त सांगतेय."

"ते काही नाही. बीबीसीची सनद २०२७ च्या डिसेंबरात संपतेय, तोवर वाट कोण बघणार? पैसे माझे आहेत. उद्या मीच लायसन्स बंद करतो. फॉर्म कुठे असतो तो?"

"अरे, जानेवारीत 'ट्रेटर्स'चा पुढचा सीझन आहे!"

फोन स्पीकरवर होता. मागून मामींचा आवाज आला, शांत, जरा लांबून.

"अहो, तुम्ही कसं बंद करणार? लायसन्स माझ्या नावावर आहे. ऐंशी साली तो माणूस दारावर आला होता, तुम्ही ड्युटीवर होता, तेव्हापासून." मग रिमोटचं बटण दाबल्याचा आवाज, आणि यूट्यूबवरच्या कुठल्याशा नाटकाची तिसरी घंटा.